भीती जपण्याचा उन्हाळा

चैत्र लागला की आमच्या दुकानात लोक खड्ड्याची मापं घेऊन येतात. कुणाच्या हातात चिठ्ठी असते, कुणी मोबाईलवर फोटो दाखवतं, कुणी नुसतेच दोन्ही हात फैलावून "लांब एवढं, रुंद एवढं, अन् खोल म्हणाल तर दोन माणूस" असं सांगतं. त्यांना शेततळ्याचा कागद हवा असतो. म्हणायचं कागद, असतं जाड प्लास्टिक. खड्ड्याच्या तळापासून काठापर्यंत ते अंथरायचं, जोड तापवून चिकटवायचे, काठाला चर खणून त्यात टोकं गाडायची. मग पावसाळ्यात भरून घेतलेलं पाणी जमिनीत मुरत नाही, उन्हाळ्यापर्यंत पुरतं. आमच्याकडच्या मोसंबीच्या कितीतरी बागा या कागदावर जगतात. जुन्या जालन्यात, मस्तगडाच्या अलीकडच्या गल्लीत, कापडाच्या ठोक दुकानांमध्ये दाबून बसवल्यासारखं आमचं दुकान आहे. ताडपत्री, दोरखंड, शेडनेट आणि कागद. शेतावर जाऊन कागद अंथरतात ते आमचे हे. गल्ल्यावर मी.

उन्हानं तापलेल्या नव्या प्लास्टिकला एक गोडसर वास असतो. तो साडीला बसतो, केसांना बसतो, आंघोळ केली तरी थोडा राहतो. दुकानाच्या पायरीवर सलीमचाचांचं शिलाई मशीन असतं. ताडपत्रीच्या कडा मुडपून शिवायच्या आणि भोकांत पितळी कड्या ठोकायच्या, हे त्यांचं काम. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून ते त्याच पायरीवर आहेत. मशीनची खडखड, कड्या ठोकायचा आवाज, रिक्षांचे हॉर्न, आणि समोरच्या कापडवाल्याकडे थान फाडल्याचा फर्रर्र. एवढ्या गदारोळात मला चांगलं सुचतं. फोन वाजला की मात्र मी लगेच उचलत नाही. एक-दोन रिंगा जाऊ देते. ही सवय मला त्या एका उन्हाळ्यातल्या सकाळच्या फोनांनी लावली.

त्याच्या आधीही फोन यायचे. सगळ्यात पहिला आला तो वाटूरजवळच्या भगवानरावांचा. आवाजात काळजी कमी आणि तक्रार जास्त होती. "ताई, तुमच्या कागदावरून हरीण घसरलंय. तळ्यात पडलंय. आता काय करता बोला." कागद फाटला, जोड सुटला, उंदरानं कुरतडला, असल्या तक्रारी मला पाठ होत्या. हरणाची तक्रार नवीन होती. मी आपलं दुकानदाराच्या तोंडात जे बसलेलं असतं तेच बोलून गेले, "पाठवते माणूस."

माणूस म्हणजे आमचे हे. ओल्या कागदावर पाय कसा ठेवायचा हे त्यांना ठाऊक. सोबत दुकानातले दोरखंड, एक जुनं जाळं आणि पायरीवरचे सलीमचाचा, कारण ते कुठल्याही गाडीत बोलावल्याशिवाय बसतात. तेवढ्यात कुणीतरी वनखात्याला कळवलेलं असायचं, म्हणजे तिकडून वनरक्षक जयश्री मॅडम त्यांच्या स्कूटीवर. असं सगळं आपोआप जुळत गेलं. कुणी ठरवलं नव्हतं.

गायरान वाळलं, नाले आटले, की हरणांना लांबून चमकणारं पाणी दिसतं. कुंपण असतं, पण कुंपणाला कुठेतरी फट असते. काठावरचा कागद कोरडा असतो तोवर खूर कसाबसा टिकतो. मान खाली घालून तोंड लावलं, कागद ओला झाला, की पाय सटकतो. मग ते पोहतं. हरीण चांगलं पोहतं. या काठाकडून त्या काठाकडे जातं, पुढचे दोन पाय कागदावर टेकवतं, खाली येतं. पुन्हा टेकवतं. खुरांचे ओरखडे त्या निळ्या कागदावर राहतात. पुढच्या वर्षी जोड तपासायला गेलं की ते दिसतात, एकाशेजारी एक, सगळे काठाकडे जाणारे.

मी कागद विकायचं सोडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा तेवढ्याची वाट बघत असतो. कागद नसेल तर तळं नाही, तळं नसेल तर वैशाखात बाग जळते. लावून वाढवलेलं मोसंबीचं झाड पाण्यावाचून वाळताना पाहिलेल्या माणसाला मी काय सांगणार? मी फक्त आता प्रत्येक कागदासोबत गाठींचं एक जाळं देते, तळ्याच्या कोपऱ्यात काठापासून पाण्यापर्यंत सोडायला, म्हणजे पडलेल्या जनावराला खूर अडकवून चढता येतं. लोक म्हणतात, "हा कशाचा खर्चा ताई?" मी म्हणते, खर्च माझा, सोडायची मेहनत तुमची. निम्मे सोडतात. उरलेले त्या जाळ्यात कडबा बांधून घरी नेतात.

त्या उन्हाळ्यात मीही सोबत जायला लागले होते. पहिल्यांदा निघालेली हरणी जिवंत निघाली होती. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, माणसं चांगली होती. आम्ही पोहोचलो तोवर सगळं गाव काठावर. हे दोराला धरून उतरले, जाळं खाली घातलं, पोरांनी वर ओढलं. सलीमचाचांनी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. पाय बांधले होते, डोळे उघडे होते, पोट भराभर हलत होतं. जयश्री मॅडम म्हणाल्या, "आता सोडू, सगळे मागे व्हा." पण आपल्याकडे एखादी गोष्ट नीट पार पडली की ती तशीच सोडून देता येते का? सत्कार नको?

शाल आली. श्रीफळ आलं. एकीनं घरातून हळदी-कुंकू आणलं आणि हरणीच्या कपाळाला लावलं, का तर ती पाहुणी. हलगीवाला लग्नाला निघाला होता, तो वाटेतच थांबला आणि वाजवायला लागला. कुणी फुलांचा हार केला होता, तो आधी तिच्या गळ्यात आणि मग आमच्या यांच्या गळ्यात. मी मोबाईल खाली करा म्हणाले, तर एक जण म्हणाला, "शूटिंग तर करून राह्यलो ताई, हात कुटं लावला?" सरपंच पुढे झाले. "दोनच शब्द बोलतो, मंग सोडून देऊ बराबर." दोन शब्दांत गावाची परंपरा आली, पाणलोटाची कामं आली, मुक्या जनावरांवरची माया आली. त्यात खोटं काही नव्हतं. माया होतीच. चाचांच्या खांद्यावर शाल पांघरली तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि त्या वाजत असतानाच चाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हरणीचं पोट हलायचं थांबलं होतं.

थोडा वेळ कुणालाच कळलं नाही. हलगी चालूच होती. मग चाचांनी ती शाल उतरवली आणि तिच्या अंगावर घातली.

जनावरांचे सरकारी डॉक्टर नंतर आले. वयानं लहान, बोलण्यात सरळ. म्हणाले, "ही पाण्यानं नाही मेली. धास्तीनं मेली. हरणाला भीती वाटली की पळायला लागतं. पळायला मिळालं नाही तर आतून सगळं बिघडतं. कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी." सरपंचांनी फेटा काढून हातात घेतला. कुंकू लावणारी बाई पदर तोंडाला लावून उभी होती. तिच्यावर मला रागही आला नाही. कुंकू तर मीही लावलं असतं.

परतताना जालना जवळ आलं तेव्हा सलीमचाचा म्हणाले, "भाभी, इस साल एक तो जिंदा वापस जाना चाहिए." मी हं म्हणाले. "एकच, जास्ती न्हाई मागत. आपल्या हाताने सोडलेली, पळत गेलेली. मला पाहायचीय." त्यानंतर त्यांनी हे धरूनच ठेवलं. चहा पिताना, दोरा ओवताना, कधीही. एक तो जाना चाहिए. घरात मुलगे-सुना-नातवंडं भरलेली, मशीनचं काम भरपूर, कशाला काही कमी नाही, आणि या माणसाची झोप त्या एका गोष्टीनं उडाली होती.

पण तो उन्हाळाच तसा होता. पुढच्या फोनला आम्ही गेलो तर नर बुडालेला होता. त्याच्या पुढच्या फोनला मायलेकरं होती. आई बुडालेली, पिल्लू निघालं आणि दुपारी गेलं. एकदा तळ्यात हरणासोबत कुत्राही होता, पाठलाग करता करता दोघं पडलेली. कुत्रा जगला. चाचांनी त्याला दोरानं वर घेतलं, अंग पुसलं आणि मग त्याच्याकडे पाठ करून बसून राहिले.

या सगळ्यात माझं काय झालं ते नेमकं कुठल्या दिवशी झालं हे सांगता येत नाही. मला काही वाटेनासं झालं. आधीही मी काही हळवी म्हणून प्रसिद्ध नव्हते. सासूबाई गेल्या तेव्हा आलेल्यांच्या चहाला दूध पुरेल का हे मी पाहत होते आणि ते लोकांनी नीट लक्षात ठेवलं आहे. पण तेव्हा आत काहीतरी होतं, कामाखाली दाबलेलं का होईना. त्या उन्हाळ्यात आत हात घातला तरी काही लागत नव्हतं. शेतावरून आले की मी दोर गच्चीवर वाळत घालायची. ओला दोर गुंडाळून ठेवला की कुजतो, म्हणून. त्यावर केस चिकटलेले असायचे, ते काढून टाकायची. मग जेवायला बसायची. आमटीत मीठ कमी आहे हे कळायचं. रात्री झोपही लागायची, तीच तर पंचाईत. हे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होत राहायचे आणि सकाळी माझ्याकडे असं बघायचे की वाटावं, मी त्यांच्या वाटची झोप चोरली.

मोठी जाऊ म्हणाली, "रडून घे एकदा, मोकळी होशील." मी म्हटलं, अगं, अडकलेलं काही असेल तर मोकळं होईल ना. ती उठून आत गेली. मला वाटलं मी विनोद केला.

वैशाख अर्धा झाला असेल. भगवानरावांच्याच शिवेवरच्या एका तळ्यात एक हरणी सापडली. कुंपणाच्या तारेनं मागचा डावा पाय खोल कापलेला, पण श्वास चालू. या वेळी जयश्री मॅडमनी गाव आधीच लांब उभं केलं होतं. चाचांनी जुन्या मऊ लुंगीचं डोळ्यांवर बांधायचं आच्छादन शिवून ठेवलेलं होतं, आणि ताडपत्रीची मुठी असलेली झोळी. डोळे झाकले की हरीण निम्मं शांत होतं, हे डॉक्टरांनी शिकवलं होतं. पाच-सहा माणसं, एकही शब्द नाही. वाटूरजवळ वनखात्याची रोपवाटिका आहे, तिथल्या एका कोपऱ्यात आमच्या दुकानचं हिरवं शेडनेट चारी बाजूंनी बांधून खोलीएवढी जागा केली. टाके पडले. आणि मग डॉक्टरांनी आम्हाला समोर उभं करून जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही.

"पायाचं काही नाही, महिन्याभरात भरेल. अवघड दुसरंच आहे. ही फार घाबरली तर मरेल. आणि घाबरायचीच थांबली तरी मेली समजा. माणूस दिसला की पळायला हवं तिनं. कुत्रा दिसला, गाडी दिसली, पळायला हवं. तुम्ही लाड केलेत, नाव ठेवलंत, हातानं चारलंत, तर पाय बरा होईल आणि हरीण संपेल. तिला परत पाठवायचं असेल तर तिची भीती सांभाळा." मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "रोज आत जाणारं माणूस एकच हवं. कमी बोलणारं. जीव न लावणारं. कोण आहे असं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. चाचांनी पाहिलं. जयश्री मॅडमनीही पाहिलं. कुणाच्या तरी कोरडेपणाला अशी एकमतानं मान्यता मिळाल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

चाचांना जाता आलं असतं, पण त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. शिवणातली सुई हरवली तरी ते तिला बेटा म्हणून शोधतात. हे खोकतात. जयश्री मॅडमच्या कमरेला वॉकीटॉकी. राहिले मी. दुकान यांनी सांभाळायचं, सकाळी जीपनं मला वाटूरला सोडायचं आणि दुपारच्या बसनं मी परत यायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी पाण्याची बादली नेटखालून आत सरकवताना माझ्या बांगड्या किणकिणल्या आणि आत एक धडपड झाली. टाक्यातून आलेलं रक्त नेटखाली ठिबकलेलं दिसलं. त्या संध्याकाळी मी बांगड्या काढून देव्हाऱ्यापाशी ठेवल्या. हिरव्या काचेच्या, पाडव्याला भरलेल्या. शेजारच्या वहिनी दुसऱ्या दिवशी माझे हात बघून दारातच थबकल्या. "अगं बाई! यांना बरं आहे ना?" बरं आहे म्हटलं, आत जेवतायत. "मंग हे असले भुंडे हात? अभद्र दिसतं." हरणीसाठी, म्हटलं. त्यांनी हे गल्लीभर कसं सांगितलं असेल ते मला माहीत आहे. पुढचा महिनाभर गल्लीतल्या बायका यांची तब्येत फारच आस्थेनं विचारत होत्या. हे बिचारे प्रत्येकीला "ठणठणीत" म्हणून सांगायचे आणि नेमके तेव्हाच खोकायचे.

रोपवाटिकेतले ते दिवस मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. सकाळी लसूणघासाची पेंढी आणि बोरीचा पाला नेटखालून सरकवायचा. पाणी बदलायचं. मग नेटच्या अलीकडे, तिच्याकडे पाठ करून, पोत्यावर बसायचं आणि कानानं तपासायचं. चारी पायांवर उभी आहे का, डाव्यावर भार देते का, खाते का. खाताना बारीक करकर आवाज यायचा. मध्येच थांबायचा. मी श्वास घेतला की थांबायचा. मग बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू व्हायचा. बसायच्या जागेवर आणि समोरही रोपांचं शेडनेट होतं; उन्हाची झळ त्यातून गाळून येते तेव्हा सगळं हिरवं दिसतं, आपले हातसुद्धा. रोपांच्या पिशव्यांतल्या ओल्या मातीचा वास, लांब रस्त्यावरून जाणारे ट्रक, आणि पाठीमागे करकर. तिथे मला कुणी काही विचारत नव्हतं. रडून घे म्हणत नव्हतं. मला काही वाटत नव्हतं आणि त्या जागी तेच हवं होतं. इतकं माझ्या स्वभावाला जमणारं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

परत आले की पायरीवर चाचा मशीन थांबवायचे. "कैसी है?"

"आहे."

"खाया?"

"खाल्लं."

"पाँव?"

"टेकवते."

यापुढे ते विचारत नसत आणि मी सांगत नसे. पण मशीन परत सुरू झालं की त्या आवाजात फरक असायचा. एकदा म्हणाले, "अब दिखती कैसी है?" मी म्हटलं, नेटमध्ये ठेवल्यापासून मी पाहिलेलं नाही, पाठ करून बसते. ते इतका वेळ माझ्याकडे पाहत राहिले की गिऱ्हाईक कंटाळून गेलं. "या अल्लाह," म्हणाले, "तुमच्यासारखं मला न्हाई जमलं असतं."

मध्येच एक लग्नाची तिथी आली. रोपवाटिकेशेजारच्या शेतात मांडव पडलेला दिसला तेव्हाच जयश्री मॅडमचा चेहरा उतरला होता. वरात बरोबर आमच्या कुंपणाला लागून जाणार, पुढे डीजे, मागे बँड. चाचा त्या दिवशी दुपारीच वाटूरला आले, पांढरा सदरा घालून, आणि थेट नवरदेवाच्या बापाकडे गेले. नंतर त्यांनीच सांगितलं, तो माणूस आधी हसला. "चाचा, एकुलतं एक पोरगं हाय माझं. हरणीसाठी वाजवायचं न्हाई म्हंता?" चाचांनी वाद घातला नाही. त्यांनी त्याला शालीची गोष्ट सांगितली. आपल्या मांडीवर काय झालं ते सांगितलं. तो माणूस बराच वेळ टोपी सारखी करत राहिला आणि म्हणाला, "आमच्या साडूचं गाव हाय ते. आमी गेल्तो त्या दिवशी तिथं. टाळ्या आमीबी वाजवल्या." मग उठून डीजेवाल्याकडे गेला.

त्या दिवशी दुपारची बस सोडून मी संध्याकाळी आत पोत्यावर बसले होते. लांबून धडधड येत होती, जमीन हलवणारी. वळणापाशी ती तुटली. आणि मग वरात आली. आधी घोड्याच्या टापा. मग चपलांचा नुसता घसघस आवाज, शेकडो माणसांचा. बँडवाले वाद्यं छातीशी धरून चालत होते, नेटमधून त्यांच्या टोप्यांचे तुरे हिरवे दिसत होते. कुणीतरी पोराला दटावलं, "गप, हरीण झोपलंय." एक बाई खोकली आणि तिनं तोंडात पदर कोंबला. नवरदेव घोड्यावरून मान वळवून नेटकडे बघत गेला. माझ्या पाठीमागे काही हललं नाही. करकर थांबली होती, एवढंच. वरात पुरी गेल्यावर, पलीकडच्या बाभळींपाशी, बँड एकदम फुटल्यासारखा वाजायला लागला.

अशा वेळी माणसाला भरून यावं. मला तिथेही काही आलं नाही. उलट मी घड्याळ पाहिलं, शेवटची बस चुकेल म्हणून. चाचा मात्र कुंपणाबाहेर उकिडवे बसून डोळे पुसत होते, दोघांच्या वाटचे.

या वर्षी परवा एक तरुण शेतकरी कागद न्यायला आला होता. बिल होईपर्यंत उभा राहून म्हणाला, ताई, तुम्ही त्या हरणीवाल्या ना, व्हॉट्सॲपवर आलं होतं, तिनं जाताना मागं वळून बघितलं, तुम्हाला नमस्कार केल्यागत मान हलवली. मी म्हटलं, असं काही झालं नाही. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. लोकांना ते वळून बघणं हवं असतं. काय झालं ते मी त्याला सांगितलं नाही, कारण मागे गिऱ्हाईक होतं. इथे सांगते.

पाय भरला. डॉक्टरांनी लांबून तिला चालताना पाहिलं आणि सोडायचा दिवस ठरला. रोपवाटिकेच्या मागे गायरान आहे, तिथे पहाटे कळप येतो. तिकडच्या बाजूचं नेट दोरानं वर ओढता येईल असं करून ठेवलं होतं. दोर माझ्या हातात. बाकी सगळे दूर, झाडांच्या ओळीमागे. डॉक्टर, जयश्री मॅडम, हे, आणि चाचा. चाचांनी यांचा दंड धरून ठेवला होता.

उजाडलं तसा माळावर कळप दिसला. मी दोर ओढला. नेट वर गेलं. ती बराच वेळ उभी राहिली, मग एक-एक पाऊल टाकत बाहेर पडली. तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होती. पाठ तांबूस, पोट पांढरं, डाव्या पायावर केस न आलेली एक रेघ. ती थोडी पुढे गेली. कळपाकडे पाहिलं, नाक वर केलं. आता पळेल, असं मला वाटलं.

ती वळली आणि माझ्याकडे यायला लागली.

मी बांगड्या काढल्या होत्या, बोलले नव्हते, तोंड दाखवलं नव्हतं. पण माझी पावलं होतीच. सकाळची पावलं आली की घास येतो, एवढं ती शिकली होती. सगळ्यांनी मिळून जपलेली तिची भीती मी माझ्या नुसत्या वेळेवर येण्यानं झिजवली होती. ती सावकाश आली. कान पुढे. इतकी जवळ आली की नाकपुडीच्या कडेचा ओलावा दिसला. झाडांमागून डॉक्टर दोन्ही हात हलवत होते, आवाज न करता. चाचांनी तोंडावर हात घेतलेला मला दिसला. हात पुढे केला असता तर ती माझ्या हाताला लागली असती. आणि मला, खरं सांगायचं तर, तो हात पुढे करावासा वाटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी करावंसं वाटलं ते हे.

मी वाकले आणि ढेकूळ उचललं.

"हाड," मी म्हणाले. कुत्र्याला म्हणतात तसं. माझा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तो हा. ती थांबली, पण गेली नाही. मी ढेकूळ फेकलं. ते तिच्या मांडीवर बसलं, त्या रेघेच्या वर, आणि फुटलं. ती जागच्या जागी उंच उडाली. डोळ्यांचं पांढरं दिसलं. मी दुसरं उचललं. "जा! हाड! जा म्हणते ना!" ती पळाली. हरीण पळतं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं, जमिनीला लागतच नव्हती. ती कळपात शिरली, कळप उधळला, आणि धुळीत सगळ्या पाठी सारख्याच तांबूस झाल्या. त्यातली कुठली आमची ते कळेना.

"गई! भाभी, जिंदा गई!" चाचा झाडांमागून धावत येत होते, टोपी हातात, हसत आणि रडत. हे खोकत मागे. मला ते ऐकू येत होतं आणि मी वाकत होते, उचलत होते, फेकत होते. घसा फाटेपर्यंत तिला शिव्या देत होते. चाचांनी येऊन माझं मनगट धरलं. "बस भाभी, बस. अब किसको मार रहे?"

माळावर कुणीच नव्हतं. माझ्या दुसऱ्या हातात अजून एक ढेकूळ होतं आणि ते मला खाली ठेवता येईना.